कामापुरतं बोलणारी चिप

ऑगस्ट २०१४ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात आयबीएमच्या एका चिपविषयी शोधनिबंध आला. चिपचं नाव ट्रूनॉर्थ. तिच्यावर ५४० कोटी ट्रान्झिस्टर होते. त्यांच्यातून १० लाख कृत्रिम न्यूरॉन आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे सुमारे २५ कोटी ६० लाख दुवे घडवलेले होते. चालत्या व्हिडिओतली माणसं, सायकली, मोटारी, बस आणि ट्रक वेगवेगळे ओळखताना ही चिप ६३ मिलिवॉट वीज घेत होती, म्हणजे एका वॉटचा सोळावा हिस्सा. प्रकल्पाचे प्रमुख धर्मेंद्र मोधा हे मुंबईच्या आयआयटीतून १९९० मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकेला गेलेले संशोधक. मेंदूच्या धर्तीवर बनलेली चिप म्हणून तिची जगभर चर्चा झाली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मोधांच्या गटाची नवी चिप त्याच साप्ताहिकातून जगापुढे आली. तिचं नाव नॉर्थपोल. हीसुद्धा मेंदूवरून स्फूर्ती घेऊन बनवलेली, असं तिच्या कर्त्यांचं म्हणणं. पण ट्रूनॉर्थचा जो गुण सगळ्यांत जास्त मेंदूसारखा होता, म्हणजे न्यूरॉनसारखे विजेचे ठोके देऊन बोलणं, तो हिच्यात औषधालाही नाही. ज्यांनी तो गुण सिलिकॉनमध्ये उतरवायला वर्षानुवर्षं घालवली, त्यांनीच तो नऊ वर्षांनी बाजूला ठेवला.

मेंदूची नक्कल करणाऱ्या चिपांवरच्या लेखनात ही गोष्ट सहसा ओझरती येते. मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मेंदूकडून काय घ्यायचं आणि काय मेंदूपाशीच राहू द्यायचं, यावरच या क्षेत्रात गेली पस्तीस-चाळीस वर्षं खल चालला आहे. तो समजून घ्यायचा तर आधी हा ठोका काय आहे ते पाहायला हवं.

न्यूरॉन म्हणजे चेतापेशी. ती शांत असते तेव्हा तिच्या पटलाच्या आतबाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू ऋण. दुसऱ्या पेशींकडून संदेश येत राहतात. काही संदेश हा फरक कमी करतात, काही वाढवतात. पेशीत ही बेरीज-वजाबाकी सतत चालू असते आणि बरोबरीने गळतीही चालू असते, त्यामुळे जुन्या संदेशाचा परिणाम लवकरच विरून जातो. थोड्या वेळात पुरेसे संदेश जमले आणि बेरीज एका ठरावीक पातळीच्या वर गेली, की पेशी एक ठोका देते. हा ठोका साधारण १०० मिलिव्होल्टचा आणि जेमतेम एक मिलिसेकंद टिकणारा असतो. इंग्रजीत त्याला ‘स्पाइक’ म्हणतात आणि तो शब्द आता आपल्याकडच्या प्रयोगशाळांतही रुळला आहे. हा ठोका कसा तयार होतो, याचं गणित ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये मांडलं, आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ठोका लहानमोठा नसतो. तो एक तर येतो किंवा येत नाही. माहिती असते ती तो कधी आला, किती वेळा आला आणि कोणाकडून आला यात. दोन पेशींच्या मधल्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. आलेल्या ठोक्याला किती वजन द्यायचं हे तिथे ठरतं, आणि हे वजन अनुभवाने बदलत जातं. आपण काही शिकतो तेव्हा मुख्यतः ही वजनं बदलत असतात. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये ही कल्पना नीट मांडली होती.

इथवरचं शाळेच्या पुस्तकातही थोडंफार असतं. फारसं सांगितलं जात नाही ते असं, की चेतापेशी बहुतेक वेळ गप्प असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि सगळ्या मेंदूला मिळून वीस वॉटच्या आसपास ऊर्जा मिळते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, खर्चात मात्र वीस टक्के. एवढा खर्चिक अवयव असूनही ठोक्यांची चैन त्याला परवडत नाही. पीटर लेनी या शास्त्रज्ञाने २००३ मध्ये ऊर्जेचा हिशेब मांडून दाखवलं, की मेंदूच्या बाह्यपटलातल्या पेशीला सरासरीने सेकंदाला एक ठोकाही परवडत नाही. एका वेळी फार थोड्या पेशी जोरात काम करू शकतात. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, हे जे भाषणांतून ऐकवलं जातं त्याच्याशी याचा काही संबंध नाही. ती निव्वळ दंतकथा आहे. गप्प असलेली पेशी बिनकामाची नसते. ती ऐकत असते, आणि आत्ता बोलण्यासारखं काही नाही हेही तिच्या गप्प राहण्यातून पुढच्या पेशीला कळतं.

आता आपल्या संगणकाकडे बघा. एका सरकारी कचेरीची कल्पना करा. हिशेबनीस अतिशय चलाख आहे, पण त्याच्या टेबलावर एका वेळी चारच कागद मावतात. बाकीच्या सगळ्या फायली तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये. प्रत्येक बेरजेसाठी शिपायाने खाली जायचं, फाइल आणायची, बेरीज झाली की परत नेऊन ठेवायची. हिशेबनिसाचा वेग कितीही वाढवला तरी कचेरीचा वेग शिपायाच्या पायांवर ठरतो, आणि दमतो तोही शिपाईच. संगणकात हिशेबनीस म्हणजे प्रोसेसर, रेकॉर्ड रूम म्हणजे मेमरी, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या तारा म्हणजे जिना. स्टॅनफर्डचे मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४ मध्ये याचे आकडे मांडले. त्या काळच्या चिपवर दोन ३२ बिटी पूर्णांकांच्या बेरजेला सुमारे ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते. बाहेरच्या डीरॅम मेमरीकडे एक फेरी मारायला लागते १,३०० ते २,६०० पिकोज्यूल. बेरीज जवळपास फुकटात होते, वीज जाते ती आकड्यांची ने-आण करण्यात.

ही रचना जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने ओळखली जाते, कारण एडव्हॅक या संगणकावरच्या त्यांच्या १९४५ च्या अहवालात ती सुटसुटीतपणे मांडलेली होती. गंमत अशी, की त्या अहवालात दुसऱ्या कोणाच्या प्रकाशित लेखाचा जो एकमेव संदर्भ आहे, तो आहे वॉरन मॅक्युलक आणि वॉल्टर पिट्स यांच्या १९४३ च्या न्यूरॉनवरील निबंधाचा. म्हणजे ज्या रचनेपासून सुटका करून घेण्यासाठी आज मेंदूकडे बघायचं चाललं आहे, तिच्या जन्माच्या वेळीही कर्त्याच्या डोळ्यांसमोर मेंदूच होता. शेवटच्या आजारपणात फॉन नॉयमन संगणक आणि मेंदू यांच्या तुलनेवर लिहीत होते. ते हस्तलिखित अपुरं राहिलं आणि त्यांच्या निधनानंतर १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आलं.

मेंदू सिलिकॉनमध्ये उतरवण्याची आजची परंपरा मात्र सुरू होते कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये, कार्व्हर मीड यांच्यापासून. मीड हे चिप घडवण्याच्या शास्त्रातले पितामह. लिन कॉनवे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकावर जगभरच्या अभियंत्यांची एक पिढी शिकली. कॅल्टेकमध्येच मॅक्स डेलब्रुक हे नोबेलविजेते जीवभौतिकशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या संगतीने मीड यांना चेतापेशींचं वेड लागलं. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड फाइनमन, जॉन हॉपफील्ड आणि मीड या तिघांनी मिळून गणनेच्या भौतिकशास्त्रावर एक अभ्यासक्रम चालवला. त्या वर्गात बसायला मिळालेल्यांचा हेवा वाटतो.

मीड यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. डिजिटल चिपमध्ये ट्रान्झिस्टर फक्त चालू किंवा बंद म्हणून वापरला जातो. पण तो ‘बंद’ असतानाही त्यातून किंचित प्रवाह पाझरत असतो. अभियंते त्याला गळती समजून हळहळतात. मीड यांनी पाहिलं, की या पाझरण्याचं गणित आणि चेतापेशीच्या पटलातल्या सूक्ष्म वाटांमधून आयन ये-जा करतात त्याचं गणित एकाच घाटाचं आहे: व्होल्टेज थोडं वाढवलं की प्रवाह घातांकी वेगाने वाढतो. मग अब्जावधी बेरजा-गुणाकार करून न्यूरॉनचं गणित सोडवायचं कशाला? ट्रान्झिस्टरच्या अंगी ते गणित आहेच, त्यालाच काम करू द्यावं. प्रवाहही अगदी सूक्ष्म, म्हणून वीज नगण्य. या विद्येला ‘न्यूरोमॉर्फिक’ हे नाव मीड यांनीच दिलं. १९८९ चं त्यांचं पुस्तक आणि १९९० चा निबंध आजही तिचे मूळ ग्रंथ मानले जातात.

कल्पना मीड यांची असली तरी तिच्यात प्राण ओतला मिशा माहोवाल्ड यांनी. त्या मूळच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी, मीड यांच्या प्रयोगशाळेत येऊन चिप आखायला शिकल्या. त्यांनी डोळ्याचा पडदा सिलिकॉनमध्ये बांधायला घेतला. माणसाच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींच्या आसपास पेशी असतात, पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात फक्त दहा-बारा लाख. म्हणजे डोळा मेंदूकडे चित्र पाठवतच नाही. तो चित्रातलं महत्त्वाचं काय ते निवडून पाठवतो. हे कसं होतं? प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या खाली आडव्या पसरलेल्या पेशींचं जाळं असतं, ते आसपासच्या उजेडाची सरासरी काढतं. त्याच्या खालची पेशी एकेका ठिपक्याचा उजेड त्या सरासरीशी ताडून बघते आणि फक्त फरक पुढे कळवते. भिंत सगळीकडे सारखी पांढरी असेल तर कळवायला काही नसतं. भिंतीची कड आली की कळवायचं.

माहोवाल्ड यांनी त्या आडव्या जाळ्याच्या जागी विद्युतरोधांचं जाळं बसवलं आणि उरलेलं काम ट्रान्झिस्टरांवर सोपवलं. ठिपके जेमतेम दोन-अडीच हजार. पण हा सिलिकॉनचा पडदा भर उन्हात आणि सावलीत सारख्याच शहाणपणाने कडा ओळखायचा, आणि विशेष म्हणजे आपल्या डोळ्याला होतात तसले काही दृष्टिभ्रम त्यालाही व्हायचे. नक्कल खरी उतरल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? मे १९९१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये माहोवाल्ड आणि मीड यांचा त्यावरचा लेख आला. त्याच वर्षी रॉडनी डग्लस यांच्यासोबत माहोवाल्ड यांनी सिलिकॉनचा न्यूरॉनही बनवला आणि तो ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला.

त्यांचं दुसरं काम कमी दिसतं, पण माझ्या मते अधिक टिकाऊ आहे. मेंदूत एकेका पेशीला हजारो पेशींकडे जाणाऱ्या तारा असतात, त्याही तिन्ही दिशांनी. चिप सपाट. तिच्यावर एवढ्या तारा आणायच्या कुठून? माहोवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय काढला तो असा: प्रत्येक न्यूरॉनला एक क्रमांक द्यायचा. न्यूरॉनने ठोका दिला की त्याने सामायिक तारेवर फक्त स्वतःचा क्रमांक टाकायचा. तो क्रमांक ज्यांच्यासाठी असेल ते उचलतील. ठोका कधी झाला हे लिहून कळवायची गरज नाही, क्रमांक ज्या क्षणी आला तीच त्याची वेळ. न्यूरॉनचा कारभार मिलिसेकंदांचा आणि सिलिकॉनमधल्या तारेचा नॅनोसेकंदांचा असल्यामुळे एकच तार हजारो न्यूरॉनांना पुरते, कोणाला फारसं ताटकळावं लागत नाही. आज जगातल्या जवळपास प्रत्येक न्यूरोमॉर्फिक चिपमध्ये ही पद्धत किंवा तिचंच एखादं रूप सापडतं. पुढे झ्युरिकमध्ये या विषयाची संस्था उभी राहिली, तिच्या पहिल्या मंडळींत माहोवाल्ड होत्या. डिसेंबर १९९६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्या गेल्या. या क्षेत्रातला एक पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

त्यांच्या पडद्याचा वारसा मॅक्स डेलब्रुक यांचे चिरंजीव टोबी यांनी झ्युरिकमध्ये पुढे नेला. ते मीड यांचेच विद्यार्थी. त्यांच्या गटाने २००८ मध्ये जो कॅमेरा प्रसिद्ध केला तो छायाचित्र काढत नाही. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतंत्र असतो आणि आपल्यावरचा उजेड ठरावीक प्रमाणात वाढला किंवा घटला तरच तेवढं कळवतो, तेही काही मायक्रोसेकंदांच्या आत. समोर काही हलत नसेल तर कॅमेरा जवळपास मुका. साधा व्हिडिओ कॅमेरा मात्र रिकाम्या व्हरांड्याची तीच ती चित्रं सेकंदाला तीस वेळा इमानेइतबारे पाठवत राहतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चेतन सिंग ठाकूर आणि दीपक नायर यांच्या गटांनी हाच कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून ५० नॅनोमीटरहून लहान कण टिपून दाखवले आहेत. मेंदूपासून घेतलेल्या कल्पनांपैकी बाजारात खऱ्या अर्थाने पोचलेली कोणती, असं विचारलं तर मी या कॅमेऱ्याकडे बोट दाखवीन. सोनीसारखी मोठी कंपनी आज असे संवेदक बनवते.

नुसत्या डोळ्याऐवजी सगळं मेंदूचं जाळं बांधायचं म्हटलं, की प्रकरण अवघड होतं. मीड यांच्या पाझरणाऱ्या ट्रान्झिस्टरांची एक खोड आहे. कारखान्यात एकाच साच्यातून निघालेले दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. चालू-बंद एवढंच काम असेल तर ते खपून जातं, पाझराच्या सूक्ष्म प्रवाहात मात्र तो फरक पटींनी वाढतो. त्यामुळे वाटा फुटल्या. हायडेलबर्गमध्ये कार्लहाइन्झ मायर यांच्या गटाने ॲनालॉगची, म्हणजे प्रवाहांकडूनच गणित करून घेण्याची, कास सोडली नाही. त्यांचे न्यूरॉन खऱ्या न्यूरॉनच्या दहा हजार पट वेगाने चालतात, म्हणजे मेंदूतल्या एका दिवसाचा व्यवहार नऊ सेकंदांत उरकतो. मँचेस्टरमध्ये स्टीव्ह फर्बर यांनी दुसरं टोक गाठलं. आपल्या मोबाइलमधल्या प्रोसेसरांचा मूळपुरुष म्हणजे एआरएम, तो सोफी विल्सन यांच्यासोबत घडवणारे हेच गृहस्थ. त्यांनी तसलेच साधे प्रोसेसर दहा लाखांच्या संख्येने एकत्र जोडले आणि न्यूरॉन सॉफ्टवेअरमध्ये लिहिले. २०१८ मध्ये पूर्ण ताकदीने सुरू झालेल्या या यंत्राचं ध्येय मानवी मेंदूच्या साधारण एक टक्का न्यूरॉनांची नक्कल खऱ्या वेळेत करण्याचं होतं. ही दोन्ही यंत्रं मुख्यतः मेंदूच्या अभ्यासकांसाठी आहेत.

आयबीएमच्या ट्रूनॉर्थने अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर मधली वाट धरली: गणित डिजिटल, पण प्रत्येक गाभ्यात २५६ न्यूरॉन आणि त्यांची स्मृती शेजारी शेजारी. असे ४,०९६ गाभे. ज्या गाभ्यात ठोका नाही तो जवळपास झोपलेला. इंटेलने २०१७ मध्ये लोइही आणली, हवाईजवळच्या समुद्रतळावरच्या ज्वालामुखीचं नाव दिलेली. तिच्यात न्यूरॉन सव्वा लाखाच्या आसपासच, पण दुव्यांची वजनं चिपवरच बदलता येतात, म्हणजे ती काम करता करता शिकू शकते.

मग अडलं कुठे?

अडलं शिकवण्यात. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता ज्या पद्धतीने शिकते तिच्यात उत्तर किती चुकलं हे मोजून प्रत्येक वजन किंचित इकडे, किंचित तिकडे सरकवलं जातं. त्यासाठी गणितातला उतार काढता यावा लागतो. ठोका एक तर आहे किंवा नाही, त्याला उतार कुठला? त्यावर गणिती युक्त्या निघाल्या आहेत, पण त्या उशिरा आल्या. दरम्यान २०१२ मध्ये टोरोंटोच्या तिघा संशोधकांनी व्हिडिओ गेमसाठी बनलेल्या दोन ग्राफिक्स कार्डांवर कृत्रिम न्यूरॉनांचं एक जाळं पाच-सहा दिवस शिकवलं आणि चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं. त्या जाळ्यात ठोके नव्हते, साधे आकडे होते. सगळं जग त्या बाजूला धावलं. ट्रूनॉर्थ प्रसिद्ध झाली तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेतले नामवंत संशोधक यान लेकुन यांनी जाहीरपणे हेच म्हटलं, की ठोक्यांच्या न्यूरॉनांसाठी चिप बांधण्यापेक्षा जी जाळी खरोखर चालतात त्यांच्यासाठी बांधा. आयबीएमने २०१६ मध्ये तसली जाळी ट्रूनॉर्थवरही चालवून दाखवली, सेकंदाला बाराशे ते सव्वीसशे चित्रं आणि वीज २५ ते २७५ मिलिवॉट. पण तोवर प्रश्न मनात शिरला होता: मग ठोक्यांची अडचण सोसायचीच कशाला?

या क्षेत्रातल्या बातम्या कशा वाचाव्यात याचं एक उदाहरण देतो. २०२० मध्ये इंटेल आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी लोइहीला दहा घातक रसायनांचे वास ओळखायला शिकवलं. ७२ रासायनिक संवेदकांची नोंद घेऊन, प्रत्येक वास एकेकदाच दाखवून. ‘वास घेणारी चिप’ म्हणून तिचा गाजावाजा झाला. नंतर दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा तपासला. परीक्षेचे नमुने शिकवण्याच्याच नोंदींत गोंगाट मिसळून बनवलेले होते, आणि तेच काम संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी लिहितो तसल्या हॅश टेबलनेही होत होतं. मूळ संशोधन खोटं नव्हतं, परीक्षा सोपी होती.

आकाराच्या दाव्यांचंही तसंच. एप्रिल २०२४ मध्ये इंटेलने अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेसाठी हाला पॉइंट नावाचं यंत्र दिलं. त्यात १,१५२ लोइही-२ चिपा, ११५ कोटी न्यूरॉन, १२,८०० कोटी दुवे आणि कमाल खर्च २,६०० वॉट. भागाकार करून बघा. मेंदूच्या एका न्यूरॉनला जेवढी ऊर्जा मिळते त्याच्या सुमारे दहा हजार पट इथल्या एका न्यूरॉनला लागते. हे न्यूरॉन खऱ्यापेक्षा वेगाने चालू शकतात हे मान्य, पण त्यांना एकेकी शंभरच्या आसपास दुवे आहेत, खऱ्याला हजारो. माणसाच्या मेंदूशी तुलना करायला अजून फार अवकाश आहे.

आता नॉर्थपोलकडे परत येऊ. मोधांच्या गटाने मेंदूकडून एकच धडा ठेवला: स्मृती आणि गणित एकाच जागी. २,२०० कोटी ट्रान्झिस्टर, २५६ गाभे, प्रत्येक गाभ्यापाशी त्याची स्मृती, एकूण २२४ मेगाबाइट. चिपबाहेरची मेमरी नाहीच, म्हणजे शिपायाला जिना उतरायची गरज राहिली नाही. चित्रं ओळखण्याच्या एका प्रमाणित कसोटीत तिने त्याच पिढीच्या ग्राफिक्स चिपच्या तुलनेत एकेका ज्यूलमागे २५ पट काम केलं. मर्यादा उघड आहेत. ही चिप शिकलेलं जाळं चालवते, नवं शिकवत नाही, आणि जाळं तिच्या पोटात मावलं पाहिजे. मोठं असेल तर तुकडे करून अनेक चिपांवर पसरावं लागतं. २०२४ मध्ये आयबीएमने ३०० कोटी वजनांचं भाषेचं मॉडेल अशा १६ कार्डांवर चालवलं आणि एकेक शब्दखंड एका मिलिसेकंदाहून कमी वेळात निघाला.

स्मृती आणि गणित आणखी जवळ आणायचं तर ती दोन्ही एकाच वस्तूत हवीत. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये कागदावर अशा घटकाची कल्पना केली होती. त्यातून गेलेल्या विजेची आठवण त्याच्या रोधात राहते, म्हणून मेमरिस्टर. २००८ मध्ये एचपीच्या स्टॅन विल्यम्स यांच्या गटाने तो हाती लागल्याचं जाहीर केलं. अशा घटकांची आडव्या-उभ्या तारांची जाळी केली, की ओहमचा नियम गुणाकार करतो आणि किरखॉफचा नियम बेरीज. बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र. जाळ्याच्या एका थराचं सगळं गणित विजेच्या एका झुळकीत होतं, एकही आकडा कुठून कुठे हलवावा लागत नाही. अडचण अचूकतेची. बहुतेक मेमरिस्टरांना मोजक्याच पातळ्या लक्षात राहतात आणि त्याही सरकतात. सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या श्रीतोष गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये रेणूंच्या पातळ थरापासून बनवलेला असा घटक दाखवला ज्याला १६,५०० वेगवेगळ्या पातळ्या धरता येतात. पवईला आयआयटीत उदयन गांगुली यांचा गट मीड यांच्याच वाटेने, ट्रान्झिस्टरच्या अतिसूक्ष्म प्रवाहांतून कमी विजेचा न्यूरॉन घडवतो आहे. प्रयोगशाळेतला एक घटक आणि कारखान्यातून निघणारे अब्जावधी एकसारखे घटक यांत मोठं अंतर असतं, पण या शर्यतीत आपण प्रेक्षक नाही एवढं नक्की.

घाई सगळ्यांनाच आहे, कारण विजेचं बिल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज खाल्ली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत तो आकडा ९४५ अब्जांवर जाईल. ऐरोली-महापेच्या पट्ट्यातून जाताना ज्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात त्या याच हिशेबातल्या.

माझं मत असं. ठोक्यांची चिप मोठ्या डेटा सेंटरात ग्राफिक्स कार्डांना हटवील असं मला नजीकच्या काळात तरी वाटत नाही. तिची जागा आहे जिथे बहुतेक वेळ काहीच घडत नाही आणि घडलं की लगेच कळायला हवं तिथे: कानातलं यंत्र, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवणारी पट्टी, पुलाच्या खांबातला कंपनमापक, बॅटरीवर वर्षभर चालायला हवा असा कॅमेरा. सतत आकडे दळायचे असतील तिथे गप्प बसण्याचा गुण काय कामाचा? तिथे नॉर्थपोलची वाट, म्हणजे ठोके सोडून शेजार तेवढा घ्यायचा, हीच शहाणपणाची ठरेल.

पुढच्या वेळी मेंदूसारख्या चिपची बातमी समोर आली, तर न्यूरॉनची संख्या सोडून द्या. काम नेमकं कोणतं केलं, त्याला किती वीज लागली, तुलना कोणत्या साली बनलेल्या चिपशी केली आणि परीक्षेचे प्रश्न आधी पाहिलेले होते का, एवढं शोधा. यांची उत्तरं बातमीत नसतील तर ती जाहिरात समजा आणि पान उलटा.